बेसिल म्हणजे आपली कामकस्तुरीच का? आणि आपल्या पावसात ते जगवायचं कसं?

वडगावची माई

नमस्कार मंडळी. माझं माहेर नंदगड, सासर बेळगावात वडगावला.

गेल्या महिन्यात सुनेनं बाजारातून बेसिलची जुडी आणली. नातीला पास्ता हवा होता. जुडी निवडताना एक पान बोटांत चुरडलं आणि हात तसाच नाकाशी धरून बसले. हा वास माझ्या ओळखीचा होता. नंदगडला आजीच्या परड्यात, भांडी घासायच्या दगडाशेजारी, सांडपाण्यावर वाढलेलं एक झुडूप असायचं. गुडघ्याएवढं, पांढरट मंजिऱ्यांचं. आजी त्याला कामकस्तुरी म्हणायची. त्याचे शेंडे अबोलीच्या गजऱ्यात मधेमधे घालायची आणि उन्हाळ्यात त्याचंच काळं बी भिजवून लिंबाच्या सरबतात. पान मात्र आमच्या घरात कधी कुणी खाल्लं नाही.

वास अगदी तोच नव्हता. आजीच्या झुडपाला थोडी बडीशेपेची झाक होती, या जुडीला कमी. पण नातं लपत नव्हतं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. बेसिल आणि कामकस्तुरी एकच का? दुसरं, सुनेनं आणलेली दोन रोपं मी कुंडीत लावली, जूनचा पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत दोन्ही काळी पडून गेली. आपल्याकडे हे जगतं का? आणि तिसरं, उरलेली जुडी फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी पानं काळीठिक्कर. कोथिंबीर आठवडाभर टिकते, मग हे का नाही?

अरभावी_बागायत

माई, मी अरभावीच्या बागायत महाविद्यालयात शिकलो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तुमचं नाक बरोबर आहे.

कामकस्तुरी हे कन्नड नाव, मराठीत सब्जा. त्याचं शास्त्रीय नाव ओसिमम बॅसिलिकम. इटालियन जेवणातल्या बेसिलचंही शास्त्रीय नाव तेच. जात एक, वाण वेगळे. जसा इंद्रायणीही भात आणि आपला बेळगाव बासमतीही भात. १७५३ साली स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नाव दिलं. बेसिल हा शब्द ग्रीकमधल्या ‘राजेशाही’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला आणि सब्जा फारसीतल्या ‘सब्ज’ म्हणजे हिरव्या रंगावरून.

तुळस त्याच कुळातली, पण जात वेगळी, ओसिमम टेन्युइफ्लोरम. बहीण नव्हे, चुलत बहीण म्हणा. तिघींची खोडं हातात धरून बघा, चौकोनी लागतील. पानं समोरासमोर जोडीनं येतात. पुदिना, मरवा, ओवा म्हणून आपण लावतो ते जाड पानाचं झाड, सगळी याच मोठ्या कुळातली.

वासातला फरक तेलामुळे. गोड इटालियन बेसिलच्या पानात लिनालूल नावाचं द्रव्य जास्त असतं, त्यानं फुलासारखा गोडसर वास येतो. तुम्ही म्हणता ती बडीशेपेची झाक मिथाइल चॅविकॉलची. आपल्याकडच्या पुष्कळ सब्ज्यात ते भरपूर असतं. लखनौच्या सीमॅप संस्थेनं तेलासाठी ‘सिम-सौम्या’ नावाचा वाण काढलाय, त्यात ही दोन्ही द्रव्यं चांगल्या प्रमाणात आहेत. तुळशीत युजेनॉल असतं, तेच लवंगेत असतं. म्हणून तुळशीचा काढा घशाला लवंगेसारखा लागतो.

निपाणीचा मळेकरी

माई, आमच्यातबी हाय की हे. विहिरीच्या कडंला आपोआप उगवतंय. आमची आई बी झाडून डब्यात भरून ठेवायची, उन्हाळ्यात पावण्यांस्नी सरबत. पान खायचं आसतंय हे मला आजच कळलं. सकाळी एक तोडून चावून बघितलं, जिभंला जरा चुणचुण झाली, पण टोमॅटोबरोबर बरं लागलं.

टिळकवाडी_स्वयंपाक

बेसिल मिळालं नाही म्हणून मी एकदा घरच्या पिझ्झ्यावर तुळशीची पानं घातली होती. मुलांनी एक घास खाऊन ताट सरकवलं. सर्दीच्या औषधासारखं लागत होतं. आता कारण समजलं, युजेनॉल. ज्यांच्या मनात हा विचार येईल त्यांनी करू नये.

हिंदवाडीच्या आजी

चवीचं राहू दे बाळ, पण तुळस स्वयंपाकात घालूच नये असं मला वाटतं. आमच्याकडे नैवेद्यावर एक पान ठेवतात, तीर्थात एक पान. द्वादशीला आणि दिवे लागल्यावर तोडत नाहीत. आमचे हे तीस वर्षं वारीला गेले, गळ्यात माळ होती. वृंदावनातली तुळस तव्यावर गेलेली मला बघवणार नाही. बेसिलबद्दल माझी काही हरकत नाही, ती वेगळी असेल तर खुशाल खावी.

अरभावी_बागायत

आजी, तुमचं पटतं. बेसिल नक्की वेगळी आहे. एक माहिती फक्त सांगतो. थायलंडमध्ये तुळशीच्या जातीचंच पान, त्याला तिथे क्रापाओ म्हणतात, मिरची-लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात. तिथे ती रोजची भाजी. आणि त्यांच्या हिरव्या करीत जातं ते पान होरापा, ते मात्र बेसिलच्या जातीचं. त्याचा देठ जांभळा आणि वास बडीशेपेचा. माईंच्या आजीच्या कामकस्तुरीच्या अगदी जवळचं.

म्हणून माई, तुमच्याकडे ते जुनं झुडूप अजून असेल तर त्याला इटालियन पास्त्यात घालण्याऐवजी नारळाच्या दुधाच्या आमटीत घालून बघा. तिथे ते शोभेल.

जांबोटी_रस्ता

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण याची किंमत मी मोजली आहे.

आमची जमीन खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. तांबडी माती, उतार चांगला. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी रोज गोव्याला जाते, त्यात आम्हीही थोडी कोथिंबीर-पालक पाठवायचो. एका हॉटेलवाल्यानं विचारलं, बेसिल देता का? मी उत्साहानं मे महिन्यात दहा गुंठ्यांत रोपं लावली. जूनपर्यंत शेत बघायला शेजारी यायचे, इतकं छान आलं. जुलैत आठ दिवस सूर्य दिसला नाही. पानं शिरांच्या मधे पिवळी पडली. वाटलं, खत कमी पडलं. म्हणून युरिया दिला. तो माझा मोठा चुकीचा निर्णय. पान उलटून बघितलं असतं तर कळलं असतं, खालच्या बाजूला राखाडी-जांभळट बुरशीचा थर होता. पंधरवड्यात सगळं शेत उपटून टाकलं.

त्याला केवडा रोग म्हणतात. पिवळं पान दिसलं की आधी उलटं करा, मग खताचं बघा. पान रात्रभर ओलं राहिलं, हवा खेळली नाही की हा पसरतो. बियाण्यातूनही येतो. मी बी जिथून घेतलं होतं त्या दुकानाला विचारलं तर त्यांनी हात वर केले.

आता मी काय करतो ते सांगतो. पावसाळ्यात बेसिल उघड्यावर ठेवतच नाही. गणपती उठले की बी टाकतो, दसऱ्याच्या सुमारास रोपं लावतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपल्याकडचे सोन्याचे दिवस. डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावते, कारण या झाडाला दहा-बारा अंशांखाली सोसत नाही. एखाद्या पहाटे जास्त गारठलं तर पानांवर काळे डाग येतात. संक्रांतीनंतर पुन्हा जोर धरतं. दुसरं बी फेब्रुवारीत, ते मेअखेर चालतं.

माई, घरी दोन कुंड्या असतील तर पावसाळ्यात त्या वळचणीखाली घ्या, पण पागोळीचं पाणी पडणार नाही इतक्या आत. पाणी सकाळी, बुडाशी. पानांवर शिंपडू नका. दोन कुंड्यांमधे हातभर अंतर.

बी टाकताना एक गंमत दिसेल. पाणी लागलं की प्रत्येक बीभोवती पारदर्शक गर धरतो, सरबतातल्या सब्ज्यासारखाच. घाबरून हलवू नका. बी खोल पुरायचं नाही, वर पसरून बोटाच्या चिमटीनं माती भुरभुरायची. आमच्याकडे लाल माती, जुनं शेणखत आणि भाताचं तूस समान घेतात. पाच ते दहा दिवसांत कोंब दिसतात.

अथणीकडची

आमच्याकडे उलटं आहे. पाऊस कमी, काळी माती. केवडा म्हणजे आमच्या द्राक्षबागायतदारांचा ‘डाऊनी’, तो आम्हाला कुणी शिकवायला नको! पण द्राक्षावरचा वेगळा आणि बेसिलवरचा वेगळा, एकावरून दुसऱ्यावर जात नाही, हे द्राक्षवाल्यांनी लक्षात ठेवावं. बाग शेजारी आहे म्हणून बेसिल लावायला भिऊ नये.

काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून मी कुंडीतच लावते. एप्रिल-मेत दुपारी बारानंतर सावली लागते, नाहीतर पानं कागदासारखी होतात. शेजारच्या अक्का हातात पान घेऊन ‘इदु कामकस्तूरी अल्ला’, म्हणजे ‘ही कामकस्तुरीच ना’, म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांच्या देवाच्या हारासाठी चार शेंडे नेले. आता दर शुक्रवारी नेतात.

जांबोटी_रस्ता

शेंडे नेतात ते उत्तमच. बेसिलचं सगळं गणित शेंड्यात आहे. निपाणीचे मळेकरी दादा हे आपल्याला नीट सांगतील, त्यांच्याकडे तंबाखूचे शेंडे मारतात.

निपाणीचा मळेकरी

व्हय. तंबाखूला बोंडं यायला लागली की शेंडा मारायचा, म्हंजे झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरतो. मग बगलंतनं फुटवे येत्यात, तेबी काढायचे, न्हाईतर पान बारीक ऱ्हातंय. बेसिलला कसं करायचं? फुटवे ठेवायचे का काढायचे?

जांबोटी_रस्ता

इथेच फरक. शेंडा तसाच मारायचा, पण फुटवे ठेवायचे. तंबाखूत मोजकी मोठी पानं हवीत, बेसिलमध्ये भरपूर कोवळी.

रोप वीतभर झालं की वरचा शेंडा पानांच्या जोडीच्या लगेच वर खुडायचा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन फांद्या निघतात. त्या चार-पाच जोड्यांच्या झाल्या की त्यांचेही शेंडे. एकाचे दोन, दोनाचे चार. लोक खालची मोठी पानं ओरबाडतात आणि शेंडा तसाच ठेवतात, मग झाड काठीसारखं उंच होऊन मंजिरी धरतं. एकदा मंजिरी आली की पान लहान, कडवट. मंजिरी दिसताक्षणी खुडा. मात्र एखादं झाड मधमाश्यांसाठी तसंच सोडा, आमच्याकडे त्यावर सकाळभर गुंजारव असतो. त्याचा दोडक्या-काकडीला फायदाच.

अरभावी_बागायत

त्याच मधमाश्यांमुळे एक सावधगिरी. कामकस्तुरी आणि इटालियन बेसिल शेजारी फुलले तर त्यांचा संकर होतो. त्या बियांतून येणारी रोपं कोणाच्या वळणावर जातील सांगता येत नाही. दोन्ही हवी असतील तर बी एकाचंच धरा, दुसरं फुलू न देता फांदीवरून वाढवा. न फुललेली चार-पाच इंचांची फांदी, खालची पानं काढून, पाण्याच्या पेल्यात खिडकीशी. पाणी दोन दिवसांनी बदलायचं. साधारण आठवडा-दीड आठवड्यात पांढरी मुळं दिसतात.

किराणा दुकानातला सब्जाही बहुतेक वेळा उगवतो, बघा लावून. पण त्यातून इटालियन बेसिल यायची अपेक्षा नको. आणि चिया वेगळं. ते म्हैसूर भागात पिकतं, दाणा करडा-चित्रविचित्र असतो. सब्जा एकसारखा काळा.

टिळकवाडी_स्वयंपाक

फ्रिजचा प्रश्न राहिला. माई, ज्या कारणानं झाड डिसेंबरच्या पहाटे काळवंडतं त्याच कारणानं जुडी फ्रिजमध्ये काळवंडते. हे उष्ण मुलखातलं झाड, त्याला चार-पाच अंश म्हणजे इजा. कोथिंबिरीला थंडी मानवते, याला नाही. देठ तिरके कापून, फुलांसारखी पेल्यात ओट्यावर ठेवा, उन्हापासून दूर. पाच-सहा दिवस सहज जातात, मधेच मुळंही फुटतात.

सुरीनं बारीक चिरू नका. पेशी चिरडतात आणि कडा काळ्या होतात. हातानं तोडा, आणि शिजणाऱ्या पदार्थात गॅस बंद केल्यावरच घाला. फोडणीत घातलं तर वास वाफेबरोबर सगळ्या घरात जातो, ताटात काही राहत नाही. कढीपत्त्याची सवय असलेल्या आपल्या हाताला हे शिकायला वेळ लागतो.

आता माझी चटणी. इटलीत जेनोवाकडे पेस्टो करतात. तिथल्या बेसिलला २००५ पासून युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. संगमरवरी खल, लाकडी बत्ता, चिलगोजासारखे पाइनचे दाणे, लसूण, जाडं मीठ, दोन प्रकारची चीज आणि ऑलिव्ह तेल. पेस्टो शब्दाचा अर्थच कुटलेलं. हे वाचल्यावर मला आपली शेंगाची चटणीच आठवली. तीही कुटूनच खरी होते.

म्हणून मी असं करते. दोन पाकळ्या लसूण आणि मीठ खलबत्त्यात आधी वाटायचं. मग मूठभर भाजून सोललेले शेंगदाणे, ओबडधोबड. मग दोन मुठी बेसिलची कोरडी पानं, थोडी थोडी, बत्ता आपटायचा नाही, कडेनं फिरवायचा. शेवटी तीन-चार चमचे तेल आणि लिंबाचे थेंब. घाण्याच्या शेंगतेलाचा वास दांडगा, तो पानावर बसतो, म्हणून मी अर्धं घाण्याचं आणि अर्धं बिनवासाचं घेते. चीज नाही. त्याऐवजी ज्वारीच्या गरम भाकरीवर लोणी आणि वर ही चटणी. माझ्या सासूबाई तिखटाशिवाय चटणी मानत नाहीत, त्यांनी दोन वेळा मागून घेतली.

मिक्सरमध्ये केली तर भांडं तापून चटणी शेवाळी रंगाची होते. घाई असेल तर पानं आठ-दहा सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, पिळून घ्या, मग वाटा. रंग राहतो, वास थोडा कमी होतो.

कॅम्पातला_शेजारी

याला पेस्टो म्हणू नये असं माझं मत आहे. शेंगदाण्याची बेसिल चटणी म्हणा. आपल्याकडे त्याच चवीचं स्वतःचं नाव हवं.

टिळकवाडी_स्वयंपाक

मान्य. आमच्या घरी ‘हिरवी शेंगा चटणी’ म्हणतात, तेच ठेवूया.

अरभावी_बागायत

एक महत्त्वाचं. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही, कितीही तेल वर तरंगत असलं तरी. लोणच्याचा नियम इथे लागू नाही, कारण त्यात लोणच्याएवढं मीठ आणि आंबट नसतं. हवा नसलेल्या तेलात घातक जंतू वाढू शकतात. चटणी फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवायची. जास्त केली तर बर्फाच्या साच्यात गोठवा.

आणि सब्जा लहान मुलांना कोरडा देऊ नका. चमचाभर बी पेलाभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पूर्ण फुगू द्या. कोरडं बी घशात फुगलं तर अडकतं.

वडगावची माई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी नंदगडला गेले. आजीचं परडं आता भावाकडे. दगड तिथेच आहे, सांडपाण्याची वाट मात्र सिमेंटची झाली आणि झुडूप गेलं. वहिनी म्हणाली, वासाचं ते झाड ना, पाच-सहा वर्षांपूर्वी नळाच्या कामात काढलं. मी काही बोलले नाही.

परतताना गणपत गल्लीत फुलवालीकडे अबोली घेताना तिच्या टोपलीत हिरवे शेंडे दिसले. चुरडून बघितले. तोच बडीशेपेचा वास. विचारलं, कुठून येतात? म्हणाली, आमच्याच मळ्यातले, कामकस्तूरी. पाच शेंडे घेतले, दोन तर फुललेले होते, मंजिऱ्या खुडून सगळे पेल्यात ठेवले. नवव्या दिवशी तिघांना मुळं आली. आता ती तिघं वळचणीला, आणि हाताच्या अंतरावर सुनेचं इटालियन बेसिल, तेही फांदीवरून. दोन्हीच्या मंजिऱ्या नात शाळेतून आल्यावर खुडते, ते तिचं काम.

नारळाच्या दुधाच्या आमटीत कामकस्तुरी घातली. अरभावीच्या दादांचं खरं ठरलं. नातीनं विचारलं, हे पान पणजीच्या घरचं का? मी हो म्हटलं.

हिंदवाडीच्या आजी, तुळस वृंदावनातच आहे, तिला हात लावलेला नाही.

निपाणीचा मळेकरी

माई, तुमच्या त्या इटालियनची एक फांदी मला पायजे. मी येताना आईच्या डब्यातलं बी आणतो, कामकस्तुरीचं.

वडगावची माई

या ना. फांदी आजच पाण्यात ठेवते. बी जरा जास्तच आणा, थोडं नंदगडला पाठवायचं आहे, दगडापाशी अजून हातभर माती मोकळी आहे.